समुद्राकडे पाठ करून उभी राहा

«काका, मी २७ वर्षांची. पाच वर्षं पुण्यात नोकरी केली, बाबांच्या आजारपणामुळे दीड वर्षापूर्वी रत्नागिरीला परत आले. राम आळीजवळच्या एका पतपेढीत काउंटरला असते, घर मांडवीच्या बाजूला. पुण्यात असताना हप्त्यांवर कॅमेरा घेतला होता, रविवारी पेठांमधून फोटो काढत फिरायचे. इथे आल्यावर भाट्ये, मांडवी, भगवती किल्ला, आरे-वारे, सगळं काढून झालं. आता हात उचलत नाही. मोबाइलवर टोकियो-न्यूयॉर्कचे रस्ते बघते. पावसात चमकणारे दिवे, छत्र्या, गर्दी. आपल्याकडे समुद्र आहे, माड आहेत, पण शहर कुठाय? त्यात आई म्हणते, गावात सगळे ओळखतात, नाक्यावर कॅमेरा घेऊन काय उभी राहतेस? गेल्या पावसाळ्यापासून कॅमेरा कपाटात आहे. प्रेरणा कुठून आणू? आणि मला अहो-जाहो करू नका.
— कपाटातला कॅमेरा, रत्नागिरी»

आधी कॅमेरा कपाटातून बाहेर काढ. प्रेरणेचं नंतर बघू.

एक अख्खा कोकणी पावसाळा त्यानं बंद कपाटात काढलाय. ज्या कपाटात चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते आणि गोधड्यांना कुबट वास येतो, तिथे लेन्सची वेगळी सोय देव करत नाही. लेन्स काढ, मागून मोबाइलचा टॉर्च धर आणि आरपार बघ. काचेच्या कडेला कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर दुरुस्तीवाला साफ करून देतो. वर्षभर तशीच राहिली तर काचेवरचा लेप खाऊन टाकते, मग साफ करूनही डाग राहतात. माझी ८५ मिलिमीटरची लेन्स मी अशीच घालवली, तीही जपून, मऊ कापडात गुंडाळून, मऊ बॅगेत ठेवून. कॅमेऱ्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घे, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झाले असं समजायचं आणि तापवून पुन्हा वाळवायचे, पण स्वयंपाकातून बाद झालेल्या तव्यावर. सगळ्यात चांगला उपाय मात्र कॅमेरा वापरात ठेवण्याचा. हवा-उजेड लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

आता तुझ्या पत्राकडे येतो.

तू जी यादी दिलीस ती पुन्हा वाच. भाट्ये, मांडवी, भगवती, आरे-वारे. दोन दिवसांसाठी मुंबईहून गाडी करून आलेली माणसं हीच यादी घेऊन येतात. तू तुझ्याच गावात पाहुणी म्हणून फिरलीस, आणि पाहुण्याचं गाव दोन दिवसांत संपतं. पुण्यात तू सिंहगड काढत नव्हतीस, पेठा काढत होतीस. इथे आल्यावर पेठ सोडून किल्ल्यावर का गेलीस?

मला वाटतं याला समुद्र कारण आहे. समुद्र असला की आपण त्याच्याकडे तोंड करून उभे राहतो. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी बघ, शंभर माणसं, सगळ्यांची पाठ गावाकडे आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच सूर्यावर. तो सूर्य कुणाच्याही मोबाइलमध्ये सारखाच येतो, भाट्याचा आणि हर्णैचा वेगळा ओळखू येत नाही. माझं सांगणं एवढंच आहे, की त्या वेळी तू समुद्राकडे पाठ करून उभी राहा. सूर्य तुझ्या मागे असेल आणि समोर त्याच्या उजेडात न्हालेली शंभर तोंडं. भेळवाल्याच्या स्टीलच्या डब्यांवर तोच उजेड पडलेला, हात वर करून फोटो काढणाऱ्यांच्या बगलेतून डोकावणारी पोरं, आणि एखादी आजी, जिला सूर्याशी काही देणंघेणं नाही, ती वाळूत हरवलेली चप्पल शोधतेय. घाटावरच्या शहरात हा उजेड इमारतींमागे तासभर आधीच बुडतो. मांडवीला पश्चिमेकडे अडवायला काही नाही, त्यामुळे शेवटच्या मिनिटापर्यंत तो आडवा येत राहतो. आपल्याकडच्या रस्त्यांना मिळालेली ही मोठी देणगी आहे आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

शिवाय हा उजेड जागा बदलतो. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये बराच उत्तरेला. आपल्या अक्षांशावर दोन्हींत जवळपास ५० अंशांचा फरक पडतो. म्हणजे ज्या बोळात थंडीत संध्याकाळी ऊन शिरतं, त्यात उन्हाळ्यात शिरेलच असं नाही, आणि उलटही. मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली गोळा होते. त्या वेळी बाजारात छत्रीखाली आंबे विकणाऱ्या बाईचा चेहरा वरून येणाऱ्या नव्हे, तर जमिनीवरून आणि फळांवरून परतणाऱ्या उजेडात दिसतो. दुपारी फोटो काढू नयेत असं पुस्तकी लोक सांगतात. त्यांनी मे महिन्यात राम आळीतून चालून बघावं.

“शहर कुठाय?” हा तुझा खरा प्रश्न. उंच इमारती आणि मेट्रो म्हणजे शहर, ही व्याख्या मला पटत नाही. एकमेकांना न ओळखणारी माणसं जिथे रोज एकमेकांना खांदे घासून जातात, ते शहर. खेड्यात अनोळखी माणूस आला तर कुत्री भुंकतात. शहरात कुत्रं मान वर करत नाही. या हिशेबानं रत्नागिरी पक्कं शहर आहे. ट्रॉलरवरचे परप्रांतीय खलाशी, आंब्याच्या बागांत राखणीला आलेले नेपाळी, कोर्टात तारखेला आलेले गावकरी, कॉलेजची पोरं, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डबा घेऊन जाणाऱ्या बायका, हे सगळे गोखले नाक्यावर एकाच वाहतुकीत अडकतात. एकदा संध्याकाळी एसटी स्टँडवर अर्धा तास नुसती बस. शेवटच्या गाडीची वाट बघणारी माणसं जितकी बेसावध दिसतात तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाहीत.

तू न्यूयॉर्कचे ओले दिवे आणि छत्र्या म्हणतेस, त्यावरून मला सॉल लायटर आठवला. हा माणूस १९४६ साली पिट्सबर्गहून न्यूयॉर्कला आला तो चित्रकार व्हायला. वडिलांना त्याला धर्मगुरू करायचं होतं. पुढे त्यानं रंगीत फोटो काढले, आणि तेही अशा काळात, जेव्हा गंभीर छायाचित्रण म्हणजे काळं-पांढरंच असं मानलं जायचं. पैसे वाचवायला अनेकदा मुदत संपलेल्या फिल्म वापरल्या. तुझ्या मोबाइलवर येणाऱ्या ओल्या-धूसर, काचेआडच्या फोटोंपैकी निम्मे त्याची नक्कल करतात, काढणाऱ्यांना ते ठाऊक असो वा नसो. आणि गंमत बघ, जगातलं एवढं मोठं शहर हाताशी असून त्यानं बहुतेक फोटो राहत्या घराच्या आसपासच्या काही रस्त्यांवर काढले. दशकानुदशकं. २०१३ साली वारला तेव्हाही त्याच मोहल्ल्यात राहत होता. वाफ धरलेली काच, तिच्यापलीकडे लाल छत्रीचा एक डाग, अर्धाच दिसणारा माणूस. फोटोचा अर्धा भाग नुसता अंधार ठेवायलाही तो भ्यायचा नाही.

आता मला सांग, काचेवर वाफ धरायला न्यूयॉर्कला कशाला जायचं? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, न्यूयॉर्कच्या दुपटीहून जास्त. जुलैत लाल एसटीच्या खिडकीशी बस. काच बंद, आत पन्नास माणसांचा श्वास आणि ओल्या कपड्यांचा वास, बाहेर मारुती मंदिराच्या चौकातले दिवे. कॅमेरा हाताने फोकस करायच्या बटणावर टाक, फोकस काचेवरच्या थेंबांवर ठेव, आणि पलीकडची माणसं धूसर होऊ दे. मग उलट कर. पाऊस स्वतः फोटोत दिसायला हवा असेल तर दोन गोष्टी लागतात: पावसाच्या मागून येणारा उजेड आणि त्यामागे काळपट काहीतरी. दुकानाच्या पांढऱ्या भिंतीपुढे कितीही कोसळला तरी तो दिसणार नाही. येणाऱ्या रिक्षाच्या दिव्यापुढे रिमझिमही दिसते. शटर सेकंदाच्या एक-तीसांशपर्यंत उतरवलंस तर पावसाच्या रेघा होतात, एक-पाचशांशवर नेलंस तर थेंब थांबतात. माझं मत विचारशील तर रेघा. पाऊस थांबलेला बघायची आपल्याला सवय नाही.

जांभ्याच्या भिंती पावसात बघितल्यास का कधी थांबून? उन्हात नुसत्या तांबड्या दिसतात. भिजल्या की काळसर जांभळ्या होतात, वर शेवाळ्याचा हिरवा, आणि पडवीला बांधलेली निळी ताडपत्री. हे तीन रंग एकत्र टोकियोत मिळायचे नाहीत.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स असेलच तुझ्याकडे. ती ३५वर ने आणि चिकटपट्टी लावून टाक. महिनाभर काढू नकोस. झूम हाताशी असला की माणूस पायांचं काम बोटांवर ढकलतो. जवळ जायचं तर चालत जा.

आणि महिनाभर एकच जागा घे. घर आणि पतपेढी यांच्यामधली, वाटेवरची. खास सुंदर असायची गरज नाही, पण तिथे तीन गोष्टी असाव्यात: माणसांना थांबावं लागतं अशी एखादी जागा, उजेड येतो अशी एक बाजू आणि पार्श्वभूमीला एक बऱ्यापैकी मोकळी भिंत किंवा दुकानाची फळी. काम सुटल्यावर तिथे वीस मिनिटं उभी राहा. पहिले चार दिवस काही सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पाचव्या-सहाव्या दिवशी कळायला लागतं की पावणेसहाला चष्म्याच्या दुकानाच्या आरशात उन्हाचा एक तुकडा येतो आणि समोरच्या भिंतीवर पडतो. मग तुझं काम एवढंच, की तो तुकडा चौकटीत धरून ठेवायचा आणि कुणीतरी त्यात पाऊल टाकायची वाट बघायची. येणारा कोण ते तुझ्या हातात नाही. मला विचारशील तर प्रेरणा म्हणतात ती बहुतेक वेळा सातव्या दिवशी येते, आणि आपण तिसऱ्या दिवशी घरी गेलेलो असतो.

थिबा राजवाडा सोडून दे. समोरून काढलेला त्याचा फोटो पोस्टकार्डापेक्षा बरा यायचा नाही. शिमग्याची पालखीही सगळे काढतात. तू पालखी यायच्या आधीचा तास काढ. सारवलेलं अंगण, अर्धी रांगोळी, आणि दारात खुर्ची टाकून बसलेलं म्हातारं माणूस, ज्याला आता पालखी नाचवता येत नाही.

आता आईचं. आई चुकीचं बोलत नाहीये, ती तुझी काळजी लोकांच्या तोंडून बोलतेय. तिला होमाई व्यारावालांबद्दल सांग. १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन दिल्लीत सायकलवरून फिरायच्या, आणि तेही १९४०च्या दशकात. आईला लगेच पटेल असं नाही. आयांना दाखल्यांनी पटत नाही. पण “गावात सगळे ओळखतात” ही अडचण नसून सोय आहे, हे तिला हळूहळू दिसेल. जिथे उभी राहणार त्या दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगून टाक, काका, मी महिनाभर इथे संध्याकाळी फोटो काढणार आहे. दोन दिवसांत तोच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागेल. “कोणाची गो तू?” असं कुणी विचारलं तर वैतागू नकोस. नाव सांग, आडनाव सांग, बाबांचं नाव सांग. अनोळखी शहरातल्या फोटोग्राफरला जे दार उघडायला वर्ष लागतं ते तुला या एका प्रश्नानं उघडतं. तरी कुठे अवघड वाटलं, कुणाची नजर बरी वाटली नाही, तर कॅमेरा खाली आणि सरळ घरी. कोणताही फोटो इतका मोलाचा नसतो.

विचारण्याबद्दल मी एकदा चांगलाच धडा खाल्लाय. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, होड्यांमधून माल बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येतो, ते चित्र बघून माझं डोकंच फिरलं होतं. एक बाई नोटा मोजत बसली होती. उजेड झकास. मी गुडघ्यावर बसून कॅमेरा थेट तिच्या हातांवर लावला. तिनं पदर ओढला आणि चारचौघांत मला सुनावलं, की माझ्या हिशेबाचा फोटो तू कोणत्या साहेबाला दाखवणार आहेस? मला उत्तर सुचलं नाही. आपल्याला जो “क्षण” वाटतो, ती समोरच्याची दिवसभराची कमाई असते. पुढच्या खेपेला मी तिचा आधी निघालेला एक फोटो छापून नेला. तिनं तो लांब धरून बघितला आणि परत केला. म्हणाली, यात डोळा मिटलाय, दुसरा आण. मिरकरवाड्याच्या बंदरावर जाशील तेव्हा आधी मासळी घे, मग बोल, मग विचार, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा जा असंही सांगेन. होड्या वर ओढून शाकारलेल्या, जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं, आणि बोलायला सगळ्यांकडे वेळ. ऑगस्टच्या लगबगीत तुला कोण विचारणार?

हे सगळं करून मिळवायचं काय, असं तू मनात म्हणत असशील. एक घरचीच गोष्ट सांगतो.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमच्या बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारसं. रोल छत्तीसचा असायचा आणि गिऱ्हाइकाचे फोटो तीस-बत्तीस व्हायचे. उरलेल्या चार-सहा फ्रेम फुकट जाऊ नयेत, रोल लवकर धुता यावा, म्हणून बाबा दुकानाच्या दारात येऊन समोरचा रस्ता काढायचे. न बघता म्हटलं तरी चालेल. समोरचं भांड्यांचं दुकान, सायकली, पावसात आडोशाला थांबलेली माणसं, गुढीपाडव्याला विकायला आलेल्या गाठी. त्यांचे प्रिंट कधी निघाले नाहीत. २००५ साली वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानात आलं, २०२१च्या जुलैत त्याहून वाईट आलं. लग्नांचे अल्बम, ज्यांवर बाबांनी आयुष्यभर मेहनत घेतली, त्यांचा चिखलात लगदा झाला. माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात या उरलेल्या फ्रेमच्या पट्ट्या पडून होत्या, तेवढ्या वाचल्या. आज लोक माझ्याकडे येतात ते त्यांच्यासाठी. आमचं दुकान दिसतंय का हो, पुराच्या आधीचं? तो कोपऱ्यातला माणूस आमचा आजा तर नव्हे? एक गृहस्थ तर केवळ एका पाटीवरची अक्षरं बघायला आले होते, त्यांच्या वडिलांनी हातानं रंगवलेली.

पॅरिसमध्ये युजीन आत्जे नावाचा माणूस होता, १८९०च्या दशकापासून १९२७ साली मरेपर्यंत लाकडी कॅमेरा आणि काचेच्या जड प्लेटा घेऊन भल्या पहाटे हिंडायचा. दारं, जिने, दुकानांच्या काचा, पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या. तो स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायचा नाही, चित्रकारांना संदर्भाला लागणारे कागद विकतो म्हणायचा. आज जुनं पॅरिस बघायचं तर त्याच्याकडेच जावं लागतं. आमच्या बाबांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. दोघांनीही काढलं ते दारातून दिसणारंच.

रत्नागिरीही बदलतेच आहे. जांभ्याची, कौलारू घरं उतरवून तिथे चार मजले उभे राहतायत, ओटे आणि पडव्या रस्त्यात जातायत. तुझ्या वाटेवरचं एखादं घर पुढच्या मे महिन्यात असेलच याची खात्री तुलाही नसेल. त्याचा फोटो समोरून, सरळ, कुणी रिकाम्या ओट्यावर टेकलेलं असताना काढ. कलेची फार चिंता करू नकोस. थोडी राहतेच.

महिनाभराचे फोटो कुठेही टाकू नकोस, आणि पुसूही नकोस. काढल्या रात्री जो फोटो वाया गेलेला वाटतो तो तीन आठवड्यांनी वेगळा दिसतो, आणि ज्यावर आपण जीव टाकलेला असतो तो बऱ्याचदा नुसता नेटका निघतो. महिना संपला की बारा निवड आणि पोस्टकार्ड आकारात छापून घे. जेवणाच्या टेबलावर, नाहीतर जमिनीवर, सगळे पसर. आईला बोलाव, काही सांगू नकोस, ती कोणत्या फोटोवर थांबते तेवढं बघ.

त्यातले चार मला पोस्टानं पाठव. ईमेल नको, माझे डोळे आता पडद्यावर टिकत नाहीत. मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि जागा लिही, फोटोत दुकान असेल तर दुकानाचं नावही. पेन्सिलीनं लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि शाईपेनाची शाई पाण्यात फुटते.